चुकलेलं पान ब्राउझरनं दाखवायचंच कशाला?

नवीपेठकर: परवा इथं एकानं लिहिलं, "एक्सएचटीएमएल मेलं ते बरं झालं, टॅग बंद करा नाहीतर नका करू, पान दिसतंय की." सोलापुरातले क्लासवाले पोरांना हेच शिकवतात, म्हणून सविस्तर लिहितोय. २००० साली एक्सएचटीएमएल १.० आलं, म्हणजे वेबपानं लिहायची भाषा एचटीएमएल, पण एक्सएमएलच्या कडक नियमांत बसवलेली. तेव्हा हिशेब सरळ होता. टॅग, म्हणजे पानातल्या भागाची सुरुवात-शेवट दाखवणारी खूण, उघडा राहिला तर पान नाही. फायरफॉक्स पिवळा एरर दाखवून थांबायचा. आता डिव्ह (पानाचा एक भाग वेगळा करणारा टॅग) अर्धवट सोडतात आणि तासभर सीएसएसला, म्हणजे पानाच्या मांडणीच्या नियमांना, शिव्या घालतात.

कडकभाकरी: तो पिवळा एरर बघितला किती जणांनी ओ सर? इंटरनेट एक्सप्लोरर आठपर्यंत खरं एक्सएमएल म्हणून पाठवलेलं पान उघडायचंच नाही, डाउनलोड करू का विचारायचं. मग सगळे वर 'स्ट्रिक्ट' डॉक्टाइप (पान कोणत्या नियमांचं ते सांगणारी पहिली ओळ) लावून खाली साधं एचटीएमएल म्हणूनच पाठवायचे. शिस्त फक्त पाटीवर! एका चादरवाल्याच्या साइटवर मी फायरफॉक्सला खरं एक्सएमएल पाठवत होतो. त्याच्या पोरानं लिंकमध्ये कच्चा अँपरसँड (&, एक्सएमएलला तसाच चालत नाही) टाकला आणि ऐन गड्डा यात्रेच्या दिवसांत गिऱ्हाइकांना चादरींऐवजी एरर. फोन मला आला, तुम्हाला नाही.

अक्कलकोटरोड: टॅगचं सोडा. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या मराठी साइटींचं बोला. ज्याचा त्याचा फॉन्ट; तो नसला की नुसती गिचमिड, शोधून काही सापडत नाही. ब्राउझर तेव्हाच कडक असते तर ही वेळ आली नसती.

कडकभाकरी: कशी आली नसती? ब्राउझरच्या लेखी ती लॅटिन अक्षरंच. टॅग बंद, पान वैध. तुमचा स्ट्रिक्ट व्हॅलिडेटर (पानातल्या चुका तपासणारं साधन) त्यावर हिरवा शिक्का मारतो.

अक्कलकोटरोड: मारू दे. माझ्या वडिलांचे लेख अडकलेत त्यात. कन्व्हर्टरनं काढले तर रफार भलत्याच अक्षरावर, पहिली वेलांटी शेजारच्याला. आणि तुम्हाला शिक्के सुचतायत!

नवीपेठकर: फॉन्टचं रडगाणं वेगळ्या धाग्यात गा. ढिसाळपणाचं समर्थन मला अजून पटलेलं नाही.

कडकभाकरी: ढिसाळ कोण म्हणतंय? चुकलेल्या टॅगचं नेमकं काय करायचं, हे एचटीएमएल५ नं लिहूनच दिलंय, म्हणून सगळे ब्राउझर सारखं वाचतात. यादीतल्या ओळीचा टॅग एलआय बंद न करणं तर तिथं चूकच नाही. वाचून बघा एकदा.

नवीपेठकर: वाचलंय. बरं, वाचणाऱ्याला पान दिसू दे, एवढं तुमचं. लिहिणाऱ्याला मात्र व्हॅलिडेटर लावलाच पाहिजे. का तेही चादरवाल्याच्या पोराला विचारून ठरवू?

अक्कलकोटरोड: रफार नीट बसवणारा कन्व्हर्टर कुणाकडे आहे का? असला तर मेसेज करा, मग भांडत बसा.