मदत हवी आहे: डॉ. दत्ता सामंतांच्या आमदारकी-खासदारकीबद्दल

कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांवर लेख लिहितेय. माझे वडील गिरणी कामगार, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला, मुंबईतल्या जवळपास अडीच लाख गिरणी कामगारांचा संप आणि १९९७ मधली त्यांची हत्या, यावर भरपूर वाचायला मिळतं. पण घाटकोपरच्या खाणकामगारांवर उपचार करता करता संघटनेत उतरलेला हा डॉक्टर १९७२ मध्ये काँग्रेसचा आमदार झाला आणि १९८४ च्या काँग्रेस लाटेत त्याच पक्षाविरुद्ध मुंबईतून लोकसभेवर गेला. मला तो प्रवास हवाय. त्यांची सभागृहातली भाषणं, त्यांच्या कामगार आघाडी या पक्षाची पत्रकं कुठे पाहता येतील? कुणाच्या घरी जुनी कात्रणं असतील तर कृपया कळवा, मी येऊन बघेन.