वेळेच्या सर्व्हरचा पत्ता बदलला, तरी एनटीपीडी जुन्यालाच धरून

प्रश्न (इंदूर):
नमस्कार मंडळी. पोलोग्राउंडमधील आमच्या कारखान्यात बारा लिनक्स यंत्रांची घड्याळे एनटीपीडी (एनटीपी या वेळ जुळवण्याच्या पद्धतीचा प्रोग्राम) मुख्य कार्यालयातील सर्व्हरशी जुळवून ठेवते. गेल्या महिन्यात त्या सर्व्हरचा आयपी पत्ता बदलला. डीएनएसमधील (नावावरून आयपी पत्ता सांगणारी यंत्रणा) नोंद त्याच दिवशी सुधारली गेली, तरीही यंत्रांवर जुनाच पत्ता दिसतो आणि त्यापुढे रीच (शेवटच्या आठ विचारणांपैकी कोणत्यांना उत्तर मिळाले, ते दाखवणारा आकडा) शून्य. लक्षात येईपर्यंत दोन यंत्रांत चार सेकंदांचा फरक पडला होता आणि कोणती बॅच आधी निघाली, हे लॉगवरून ठरवता येईना. टीटीएल (डीएनएसच्या उत्तराची मुदत) अवघा 300 सेकंदांचा असताना, तो संपताच प्रोग्रामने नाव पुन्हा विचारायला नको का?

उत्तर (वडोदरा):
कॉन्फिगरेशनमध्ये 'सर्व्हर' ओळ असेल, तर एनटीपीडी नावाचा पत्ता सुरू होतानाच शोधते आणि पुढे तोच धरून ठेवते. तूर्त सेवा रीस्टार्ट करा. कायमच्या उपायासाठी त्या जागी 'पूल' लिहा, म्हणजे उत्तर न देणारा पत्ता सोडून नाव पुन्हा विचारले जाईल. मात्र सर्वांना लागू असलेल्या प्रवेशनियमात, म्हणजे 'रिस्ट्रिक्ट डिफॉल्ट'मध्ये, 'नोपीअर' (स्वतःहून नवा संबंध जोडू नये) असल्यास पूलमधून मिळालेल्या सर्व्हरांसाठी 'रिस्ट्रिक्ट सोर्स'ची वेगळी ओळ द्यावी लागते; ती राहिली की पूल मुकाट्याने रिकामाच राहतो.

उत्तर (ग्वाल्हेर):
टीटीएलबाबत मी प्रश्नकर्त्याशी सहमत नाही. मिळालेले उत्तर कॅशमध्ये किती वेळ ठेवावे एवढेच टीटीएल सांगतो. चालू असलेला संबंध तोडावा, असे तो सांगत नाही. एनटीपी प्रत्येक सर्व्हरची शेवटची आठ मोजमापे जवळ ठेवून त्यांतले सर्वांत कमी विलंबाचे निवडते, आणि घड्याळ स्थिरावल्यावर दोन विचारणांमधील अंतर 1024 सेकंदांपर्यंत वाढते. पूल डॉट एनटीपी डॉट ऑर्गसारखे अनेक सर्व्हरांचे सामाईक नाव तर वेळोवेळी वेगळे पत्ते देते. तिथे दर 300 सेकंदांनी पत्ता बदलला, तर एकाही सर्व्हरची आठ मोजमापे कधी जमणार नाहीत. म्हणून रीच शून्यावर येणे हीच नाव पुन्हा विचारण्याची योग्य खूण आहे, जरी 1024 सेकंदांच्या अंतराने तिथवर यायला सव्वादोन तास लागत असले तरी.

खरी अडचण निवृत्त केलेला जुना सर्व्हर उत्तरे देतच राहिला तर येते, कारण तेव्हा रीच चांगलाच दिसतो. एनटीपीडीऐवजी वापरता येणाऱ्या क्रॉनी या प्रोग्रामच्या नव्या आवृत्त्या त्यासाठी 14 दिवसांनी नावे पुन्हा तपासतात, आणि 'क्रॉनीसी रिफ्रेश' ही आज्ञा दिल्यास लगेच. पत्ता कायमचा बांधून ठेवण्याचे टोक 2003 साली विस्कॉन्सिन विद्यापीठाने सोसले: लाखो घरगुती राउटरांत त्यांच्या सर्व्हरचा पत्ता कोरलेला होता आणि तो भार त्यांना थांबवता येईना.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. 'पूल' लिहूनही यादी रिकामीच होती, 'नोपीअर' होतेच. 'रिस्ट्रिक्ट सोर्स' जोडल्यावर नऊ मिनिटांत पहिल्या यंत्रावर रीच 377 झाला, म्हणजे शेवटच्या आठही विचारणांना उत्तर मिळाले. उरलेली अकरा आज संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर करतो.