मदत हवी आहे: देखाव्यातली निळ्या देवमाशाची मादी पिल्लाला दूध कशी पाजेल?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं तरुण मंडळ आहे. यंदाच्या गणपतीला हलता देखावा करतोय: समुद्रात निळ्या देवमाशाची मादी आणि दूध पिणारं तिचं पिल्लू. सांगाडा उभा राहिलाय. आता मातीकाम करणारे मामा विचारतात, सड कुठं लावू? त्यांनी म्हशीसारखी कास काढून ठेवलीय, ते काय पटंना झालंय.

वाचलं त्यावरून देवमाशाचे सड एरवी बाहेर दिसतच नाहीत. पोटाखाली शेपटीकडच्या बाजूला, जननमार्गाच्या दोन्ही अंगांना चिरा असतात, त्यात ते दडलेले. पिल्लू प्यायला आलं की आई स्नायू आवळून दुधाची पिचकारी थेट त्याच्या तोंडात सोडते. डुगाँगचे (समुद्रगाईचे) मात्र काखेत असतात. मग आमच्या पिल्लाचं तोंड नेमकं कुठं ठेवायचं?

मापाचंही सांगा. मादी २५ मीटर आणि नवजात पिल्लू ७ मीटर धरलं, तर आमच्या १२ फुटी मादीला जवळपास साडेतीन फुटांचं पिल्लू बसतं. लई मोठं वाटतंय. एका कार्यकर्त्याला तर बाळंतपणच दाखवायचंय, शेपूट आधी बाहेर येताना. त्याला सध्या गप्प बसवलंय.

प्रतिसाद, मालवणहून:
माप बरोबर आहे. जन्मतःच ते अडीच-तीन टनांचं असतं. पिल्लू आईच्या पोटाखाली, जरा मागे घ्या, तोंड चिरेपाशी. पण तिथंच चिकटवून टाकू नका. त्याला श्वासाला वर यावं लागतं. थोडं प्यायचं, वर जायचं, परत खाली. आमच्याकडे डॉल्फिन दिसतात, त्यांच्या पिल्लांचंही तेच. दूध दाट दाखवा, त्यात ३५ ते ५० टक्के फॅट असते. तुमच्याकडे डेअरीत म्हशीला ७ लागली तरी खूश असता! त्या दुधावर सहा-सात महिने पिल्लू दिवसाला ९० किलोच्या आसपास वाढतं. आणि शेपटीची मोटर तपासा. माशाची शेपूट डावी-उजवीकडे हलते, देवमाशाची वर-खाली.

धागाकर्ता:
बरं झालं सांगितलंत, मोटर आडवीच बसवलीय. उद्या फिरवून घेतो. आता पिल्लू वर-खाली करायला कप्पी आणि दोरी चालेल का वायपरची मोटर लावू? वजन साधारण आठ किलो होईल. कुणी केलंय का असलं?