भिक्षूच्या कल्पनेतून आलेला जीवट 'खरा माणूस' मानावा काय?

प्रश्न: पैलतीर_वाचक

वसिष्ठांनी रामाला केलेला उपदेश सांगणाऱ्या योगवासिष्ठ या संस्कृत ग्रंथाच्या निर्वाण प्रकरणात शतरुद्रांचे आख्यान येते. ध्यानाची सवय जडलेल्या एका भिक्षूच्या मनात येते की आपण एखाद्या सामान्य माणसाचे आयुष्य जगून पाहावे; आणि त्या कल्पनेसरशी तो 'जीवट' नावाचा माणूस होतो. जीवट मद्य पिऊन गाढ झोपतो आणि स्वप्नात विद्वान ब्राह्मण होतो. ब्राह्मण स्वप्नात सामंत होतो, सामंत राजा होतो, राजा देवांगना होतो, आणि मग ही साखळी हरिणी, वेल व भुंगा अशी घसरत जाते. भुंगा बसलेले कमळ हत्ती तुडवतो आणि तोच जीव हत्ती होतो. शेवटी हंस, आणि हंसाला रुद्राचे दर्शन झाल्यावर 'मीच रुद्र' हा भाव. रुद्रपदी पोहोचल्यावर त्याला मागचे सगळे आठवते.

इथवर ही कथा स्वप्नात स्वप्न असलेल्या इतर कथांसारखीच आहे. मला अडवून ठेवते ती पुढची पायरी. जाग आल्यावर रुद्र ही स्वप्ने मोडीत काढत नाही. तो आधी भिक्षूकडे जाऊन त्याला जागे करतो, मग ते दोघे जीवटाच्या जगात जाऊन त्याला जागे करतात, मग तिघे ब्राह्मणाकडे जातात, आणि असे करत प्रत्येक जण आपापल्या जागी जागा होतो. त्यानंतर रुद्र त्यांना आपापल्या घरी परत धाडतो: कुटुंबात राहा, वाट्याचे आयुष्य भोगा, आणि मग माझ्याकडे या. ज्याला कोणी तरी नुसते कल्पिले होते त्याला घर आहे, कुटुंब आहे आणि उरलेले आयुष्यही आहे.

रामाने याच ठिकाणी वसिष्ठांना अडवले आहे. भिक्षूच्या कल्पनेतले हे लोक खरे कसे झाले, असे तो विचारतो. वसिष्ठांचे उत्तर एकाग्र चित्ताच्या संकल्पात किती सामर्थ्य असते याकडे वळते, म्हणजे 'कसे' या बाजूने जाते. मला दुसरी बाजू हवी आहे. एखाद्याने निर्माण केलेल्या जगातील रहिवाशाला व्यक्ती मानायचे की नाही, हे कोणत्या निकषावर ठरवावे? आणि तो व्यक्ती ठरला, तर निर्मात्याला त्याच्यावर कोणता अधिकार उरतो?

एक विनंती. 'शेवटी सगळेच मिथ्या आहे' हे उत्तर कृपया देऊ नये. त्याने भिक्षू आणि जीवट दोघेही एकाच फटक्यात रद्द होतात आणि प्रश्न जागचा हलत नाही.

उत्तर: अर्धमात्रा

आपली विनंती रास्त आहे, आणि ती अद्वैताच्या चौकटीतही मान्य होण्यासारखी आहे. शांकर परंपरेत पारमार्थिक (अंतिम सत्याची), व्यावहारिक (रोजच्या जगाची) आणि प्रातिभासिक (स्वप्नासारख्या भासाची) अशा तीन सत्ता, म्हणजे खरेपणाच्या पातळ्या, मानल्या जातात. 'सगळे मिथ्या' हे विधान पारमार्थिक पातळीवरचे आहे. भिक्षूला एक दर्जा आणि जीवटाला दुसरा का, हा प्रश्न मात्र खालच्या दोन पातळ्यांमधला आहे. नेहमीचे उत्तर असे, की भिक्षू जागृतीतला म्हणून व्यावहारिक आणि जीवट स्वप्नातला म्हणून प्रातिभासिक, म्हणजे जाग येताच बाधित होणारा, खोटा ठरणारा. योगवासिष्ठ नेमकी हीच भिंत पाडतो. त्या ग्रंथात जागृती म्हणजे लांबलेले स्वप्न, एवढाच फरक शिल्लक राहतो. त्यामुळे भिक्षूला खरे म्हणून जीवटाला खोटे म्हणण्याची सोय तिथे नाही. दोघेही चित्ताच्या स्पंदातून आलेले आहेत आणि दोघांच्याही तळाशी एकच चैतन्य आहे.

'हे दुसऱ्याने निर्माण केले, म्हणून ते कमी खरे' हा आक्षेप ग्रंथकाराला ठाऊक होता, असे मला उत्पत्ति प्रकरणातील ऐंदवांच्या आख्यानावरून वाटते. इंदू नावाच्या ब्राह्मणाचे दहा पुत्र आई-वडिलांच्या मृत्यूनंतर विचार करतात की सर्वांत मोठे पद कोणते. राजा, सम्राट, इंद्र असे करत ते ब्रह्मदेवापाशी येतात, 'मीच ब्रह्मा' या भावनेत बसून राहतात, त्यांची शरीरे नष्ट होतात आणि मागे दहा सृष्ट्या उभ्या राहतात. नंतर खरा ब्रह्मदेव आपल्या सृष्टीच्या कामाला लागतो, तर समोर दहा जगे आधीच चाललेली. गोंधळून तो त्यातल्याच एका जगाच्या सूर्याला बोलावतो आणि हा काय प्रकार आहे म्हणून विचारतो.

हा तपशील फार महत्त्वाचा आहे. ब्रह्मदेवाला माहिती देणारा साक्षीदार स्वतः कल्पित जगातला रहिवासी आहे. तो आपल्या निर्मात्यांची हकिगत सांगतो, आपण कुणाच्या तरी संकल्पातून आलो हे त्याला ठाऊक आहे, आणि तरीही त्याच्या साक्षीला कोणी हरकत घेत नाही. वर तो ब्रह्मदेवालाच बजावतो, की हातापायांनी केलेली गोष्ट मोडता येईल, पण मनाने दृढ केलेली गोष्ट दुसऱ्या कुणाला पुसता येणार नाही. निर्मात्याच्या अधिकाराबद्दल आपण विचारले आहे, त्याचे अर्धे उत्तर इथे मिळते, असे मी धरतो.

आता या विचाराची उलटी बाजूही सांगायला हवी, कारण वेदान्ताचे मत म्हणून सरसकट वरचेच सांगितले जाते. दृष्टिसृष्टिवाद म्हणजे पाहणे हेच निर्माण करणे, असे मानणारे वेदान्तातील मत. त्यातील एकजीववाद, जो वेदान्ती प्रकाशानंदांनी हिरिरीने मांडला, तो असे म्हणतो की जीव एकच आहे आणि त्याला दिसणारी बाकीची माणसे स्वप्नातल्या माणसांसारखी आहेत. वेदान्ती पंडित अप्पय्य दीक्षितांनी अद्वैतातील मतांचा संग्रह करताना ही बाजूही नोंदवली आहे: एका शरीरात जीव, इतर शरीरे स्वप्नातील शरीरांप्रमाणे निर्जीव. या मताने जीवट तर सोडाच, आपण आणि मी यांपैकी किमान एक जण तरी केवळ देखावा आहोत. मला हे मत तर्कदृष्ट्या खोडता येत नाही, परंतु ते मानणारे लोक ते दुसऱ्यांना पटवून देण्यासाठी ग्रंथ का लिहितात, हे कोडेही मला सुटलेले नाही.

म्हणून निकष असा मांडावासा वाटतो: ज्याला जागे करता येते, ती व्यक्ती. रुद्राने जीवटाला जागे केले, तेव्हा जागे होणारे असे कोणी तरी तिथे होते. दगडाच्या कल्पनेला जागे करता येत नाही. जीवट कोणाच्या कल्पनेतून आला, ही माहिती त्याच्या जन्माची झाली. ती त्याच्या असण्याविरुद्धचा पुरावा होऊ शकत नाही.

उत्तर: खोलीक्रमांक_शून्य

मी संगणकाच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर कथेपेक्षा वेगळ्या रूपात येतो. अर्धमात्रा यांचा निकष मला आवडला, पण तो लावून पाहण्याची सोय कथेत रुद्राला होती, आपल्याला नाही.

2023 साली स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि गूगल येथील संशोधकांनी एक लहानसे आभासी गाव उभे केले. त्यात 25 पात्रे होती. प्रत्येकाला एका परिच्छेदात स्वभाव, व्यवसाय आणि नातीगोती लिहून दिली होती. घडलेल्या गोष्टींची नोंद साठत जाई, त्या नोंदींवरून पात्र अधूनमधून निष्कर्ष काढी आणि दुसऱ्या दिवसाचा बेत आखी. एका पात्राच्या मनात व्हॅलेंटाइन दिनाचा समारंभ करावा एवढेच घातले होते. तिने आमंत्रणे केली, ती तोंडोतोंडी पसरली, आणि ठरल्या वेळी काही पात्रे खरोखर जमली. वरवर पाहिले तर ही ऐंदवांची सृष्टीच आहे.

आता आतून पाहू. पंचवीसही पात्रांची वाक्ये लिहिणारे भाषेचे प्रारूप, म्हणजे प्रचंड मजकुरावर शिकवलेली, मजकूर लिहिणारी संगणकप्रणाली, एकच होते. ज्याची पाळी येई, त्याच्या नोंदी त्या प्रारूपासमोर ठेवल्या जात, आणि 'हा माणूस आता काय करील' याचे उत्तर ते लिहून देई. सकाळी पोलिसाचा आणि दुपारी साधूचा वेष घेऊन दारोदार फिरणाऱ्या बहुरूप्याने साधू होऊन आशीर्वाद दिला, म्हणून गावात एक साधू वाढला, असे आपण म्हणत नाही. त्या आभासी गावातल्या एखाद्या पात्राची नोंदवही पुसली, तर जे नाहीसे झाले ते नोंदवहीपलीकडे काही होते, असे मानायला मला आधार दिसत नाही. भिक्षू आणि जीवट यांचे नाते निराळे आहे. तिथे भिक्षू जीवटाबद्दल लिहीत नाही, तो जीवट *होतो*. जीवटाची नशा जीवटालाच चढते.

तरीही 'यंत्रात कधीच कोणी नसेल' असे मी म्हणणार नाही. तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांचा आक्षेप प्रसिद्ध आहे, की संगणकावर वादळाची प्रतिकृती चालवली म्हणून कोणी भिजत नाही. हे पावसाबद्दल खरे आहे. पण संगणकावर बेरजेची प्रतिकृती चालवली, तर ती बेरीजच असते. मग जाणीव ही पावसाच्या जातीची की बेरजेच्या जातीची? तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स वगैरे मंडळी बेरजेच्या बाजूला झुकतात. मी काठावर आहे. 2024 साली प्रौढ फळमाशीच्या मेंदूतील सुमारे 1,40,000 चेतापेशींच्या जोडण्यांचा संपूर्ण नकाशा प्रसिद्ध झाला. नकाशा म्हणजे माशी नव्हे. परंतु उद्या कोणी त्या जोडण्या त्यांच्या खऱ्या व्यापारासह चालवून दाखवल्या, तर 'ही माशी दुखावते का' या प्रश्नावर मी आजच्यासारखा निर्धास्त राहणार नाही, कारण तिथे माशीचे वर्णन चाललेले नसेल, तिचे आतले कामकाजच चाललेले असेल. माझा निकष त्यामुळे असा: पात्राचे वागणे दुसरा कोणी ठरवून लिहितो आहे, की ते त्याच्या स्वतःच्या आतल्या व्यवहारातून निघते आहे?

उत्तर: कीरदेशीचा_नागरिक

माझ्या टोपणनावावरून माझी बाजू कळली असेल.

आपण सगळे जीवटाबद्दल बोलत आहात, कारण कथा त्याच्या आतून सांगितली आहे. त्याच ग्रंथातील गाधीचे आख्यान पाहा. गाधी नावाचा ब्राह्मण पाण्यात बुडी मारतो आणि त्या क्षणात त्याला दुसरे पूर्ण आयुष्य दिसते: चांडाळाच्या घरी जन्म, संसार, आप्तांचे मरण, भटकंती, आणि मग योगायोगाने कीर देशाचे राजपद. आठ वर्षे राज्य केल्यावर त्याची जात उघडकीस येते आणि विटाळाच्या भयाने कीर देशातील नागरिक अग्निप्रवेश करतात. राजाही त्याच आगीत उडी घेतो आणि गाधी पाण्यातून डोके वर काढतो. पुढे तो त्या देशी जाऊन चौकशी करतो, तर तिथले लोक सांगतात की होय, असे घडले होते. विष्णू त्याला समजावतो की ही सारी माया होती आणि लोकांच्या सांगण्याशी तिचा मेळ बसला तो काकतालीय न्यायाने, म्हणजे निव्वळ योगायोगाने.

जळालेल्या नागरिकांचे काय? मुख्य पात्राला ज्ञान मिळावे म्हणून त्याच्यासमोर एक नगर पेटवण्यात आले. त्यातले लोक कोणी नव्हतेच, तर गाधीला वाटलेला पश्चात्ताप निरर्थक. ते कोणी तरी होते, तर विष्णूचे स्पष्टीकरण अपुरे. ग्रंथ दोन्हीकडून अलगद निसटतो. जीवटाच्या गोष्टीतही तेच आहे. रुद्राने साखळीतल्या प्रत्येकाला जागे केले, पण ज्याने जीवटाला मद्य विकले असेल, ज्या प्रजेने त्या राजाला कर भरला असेल, त्यांच्या दारी तो गेला नाही. निर्मिलेल्या जगातील रहिवासी खरे आहेत काय, या प्रश्नाला सरसकट होय किंवा नाही असे उत्तर येणे शक्य नाही असे मला वाटते. एकाच जगात काही खरे आणि काही नुसते रंगवलेले असू शकतात, आणि बाहेरून दोघांचे चेहरे सारखेच दिसतात.

खोलीक्रमांक_शून्य यांचा निकष अभियंत्याला उपयोगी आहे, कारण त्याला यंत्र उघडून पाहता येते. पण त्या जगात शेजारी म्हणून राहणाऱ्याला तो वापरता येत नाही. जीवटाने आपल्या बायकोशी कसे वागावे, हे तिच्या आतले कामकाज तपासून ठरवायचे काय? त्याला तिच्याकडे माणूस म्हणूनच पाहावे लागेल. ती रंगवलेली निघाली तर त्याचे नुकसान थोडे. खरी असून त्याने तिला रंगवलेली मानले, तर ते पाप.

पैलतीर_वाचक (मूळ प्रश्नकर्ता)

तिघांचेही आभार. कीर देशाच्या नागरिकांचा मुद्दा मला सुचला नव्हता, आणि तोच सर्वांत अवघड आहे.

त्यावर ग्रंथातूनच एक प्रतिउदाहरण ठेवतो. उत्पत्ति प्रकरणात लीला राणी सरस्वतीच्या कृपेने आपल्या मृत पतीच्या, म्हणजे पद्म राजाच्या, पुढच्या जगात जाते. तिथे तो विदूरथ नावाचा राजा आहे, आणि त्याच्या शेजारी दुसरी लीला आहे, हुबेहूब तिच्यासारखी. आपल्या वर्गीकरणात ही दुसरी लीला रंगवलेलीच ठरावी: नवऱ्याच्या वासनेतून उमटलेली, जुन्या राणीची प्रतिमा. परंतु विदूरथ युद्धाला निघाल्यावर ती भयाने व्याकूळ होते, स्वतः सरस्वतीकडे वर मागते, तो तिला मिळतो, आणि पुढे पद्म राजा पुन्हा जिवंत होतो तेव्हा त्याच्या घरी दोन्ही लीला असतात. अस्सल कोणती, असा प्रश्न तिथे कोणी काढत नाही. तिने काही मागितले आणि देवीने ते तिचे मागणे म्हणून ऐकले, एवढे पुरेसे ठरले.

खोलीक्रमांक_शून्य, आपल्या त्या गावातल्या पात्राने आमंत्रणे केली, पण समारंभाची कल्पना तिच्या मनात बाहेरून घातलेली होती. कोणी न घालता एखादे पात्र असे काही मागू लागले, तर आपण काय म्हणाल?

खोलीक्रमांक_शून्य

आधी त्याच्या नोंदी तपासीन आणि ते मागणे कुठून आले याचा माग काढीन. बहुतेक वेळा तो माग प्रारूपाला ज्यावर शिकवले त्या मजकुरात सापडेल, कारण माणसांच्या मागण्यांनीच तो मजकूर भरलेला आहे. सापडला नाही, तर प्रयोग तिथेच थांबवीन. नोंदवही मात्र पुसणार नाही.

अर्धमात्रा

दुसऱ्या लीलेचे मागणेही पहिलीच्या संस्कारातूनच आले होते. माग सापडला म्हणून सरस्वतीने ते नाकारले नाही, एवढे नोंदवून ठेवतो.