मदत हवी आहे: जाळी बारीक केली की दाढेच्या मुळाभोवतीचा ताण वाढतच जातोय

नमस्कार. कोल्हापुरात ऑर्थोडोंटिक्समध्ये एमडीएस करतेय. प्रबंधासाठी प्रौढ व्यक्तीच्या सीटी स्कॅनवरून वरच्या जबड्याचं फायनाइट एलिमेंट मॉडेल केलंय (हाड-दातांचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडून संगणकावर ताण काढायचा; या तुकड्यांची मिळून जाळी). विषय शस्त्रक्रियेच्या मदतीने जबडा रुंद करण्याचा. हाडाला आडवा काप, टाळूची मधली शिवण मोकळी, हायरॅक्स स्क्रू (जबडा रुंद करणारा) पहिल्या उपदाढेला आणि पहिल्या दाढेला बँडने जोडलेला. एका मॉडेलमध्ये मागचा टेरिगॉइड जोड (वरचा जबडा आणि कवटीच्या तळाचं हाड यांच्यातला) कापलाय, दुसऱ्यात तसाच ठेवलाय. तुलना एवढीच.

घोडं अडलंय पेरिओडॉन्टल लिगामेंटपाशी, म्हणजे मूळ आणि हाड यांच्यातल्या पातळ थरापाशी. जाडी ०.२ मिमी, पॉइसन गुणोत्तर ०.४९ (म्हणजे दाबलं तरी आकारमान जवळजवळ न बदलणारं). लवचिकता गुणांक कुणी ०.०५ मेगापास्कल घेतं, कुणी ६८.९ (हजारपटीहून जास्त फरक, आता बोला!). मी ६८.९ घेतलाय. भार म्हणजे दोन्ही बाजूंना ०.५ मिमी विस्थापन. फोरामेन मॅग्नमभोवतीचे (कवटीच्या तळाच्या मोठ्या छिद्राभोवतीचे) नोड, म्हणजे एलिमेंटचे जोडबिंदू, स्थिर.

जाळी बारीक केली की दाढेच्या गालाकडच्या मुळाच्या वरच्या कडेला ताण वाढतो आणि थांबतच नाही. रेषीय टेट्राहेड्रन (चार पृष्ठांच्या) एलिमेंटऐवजी द्विघाती घेतले, थोडा फरक पडला. हाडाची टोकदार कड गुळगुळीत केली, तरी तेच. शिरोली एमआयडीसीतला मित्र रोज कास्टिंगची गणितं करतो. तो म्हणाला, ०.४९ मुळे एलिमेंट लॉक होतायत (खोटे कडक वागतायत), हायब्रिड एलिमेंट (दाब वेगळा काढणारे) वापर. त्याला दातांचं काही कळत नाही, पण मुद्दा पटला.

सॉफ्टवेअर विद्यार्थी परवान्याचं आहे, नोडची मर्यादा जवळ आलीय. नॉनलिनियर मटेरियल सध्या नको, गाईड तयार नाहीत.

तर ०.२ मिमीच्या थरात जाडीच्या दिशेने किमान किती एलिमेंट हवेत? आणि दोन मॉडेलची तुलना कमाल ताणावर करू, की मुळाच्या ठरावीक भागातल्या सरासरीवर?