स्काउटचे तारे बघून खेळाडू घेणं: शहाणपण की आळस?

कोथरूडचा गॅफर
फुटबॉल मॅनेजर या क्लब चालवायच्या कॉम्प्युटर गेममध्ये आम्ही मित्र एकत्र खेळतो. त्या नेटवर्क सेव्हमध्ये एका मित्राने अख्खं ट्रान्सफर बजेट एका स्ट्रायकरवर उडवलं. कारण काय, तर स्काउटने, म्हणजे गेममधल्या खेळाडू हेरणाऱ्या माणसाने, पाचपैकी साडेचार तारे दिले. "अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे वेग, फिनिशिंग वगैरे गुणांचे आकडे, बघितलेस का रे?" म्हटलं, तर उत्तर आलं, "मग स्काउटला पगार कशाला देतोय?"

माझं म्हणणं असं की ताऱ्यांवरून फक्त यादी करावी, सही करू नये. एक तर हे तारे तुमच्या संघाच्या तुलनेत असतात. तोच पोरगा इंग्लंडच्या चौथ्या डिव्हिजनमधल्या क्लबला चार ताऱ्यांचा दिसेल आणि प्रीमियर लीगवाल्याला दीड ताऱ्याचा. वर्गात पहिला आला म्हणजे बोर्डात आला असं होत नाही. वरच्या डिव्हिजनला जा, नवे खेळाडू घ्या, आणि मग कालपर्यंत चार ताऱ्यांचा असलेला तुमचा जुना बॅक कितीवर आलाय ते बघा.

शिवाय तारे देणारा कोण? स्काउटचं स्वतःचं 'जजिंग अ‍ॅबिलिटी' (आजची कुवत ओळखणं) आणि 'जजिंग पोटेन्शियल' (पुढची कुवत ओळखणं) २० पैकी असतं. ९ वाला स्काउट पाच तारे देतो तेव्हा मला तरी धडकीच भरते. आणि ते काळे तारे? तिथे तो सरळ सांगतोय की मला नक्की माहीत नाही. तरी लोक सोनेरी आणि काळे एकत्र मोजतात!

सहकारनगर ४-४-२
गॅफरसाहेब, तुलनेत असतात हीच तर ताऱ्यांची सोय आहे. हा पोरगा माद्रिदला चालेल का, याच्याशी मला काय देणंघेणं? माझ्याकडे आहे त्याच्यापेक्षा बरा आहे का, एवढंच हवंय, आणि तारे तेवढंच सांगतात.

आणि तुम्ही जे अ‍ॅट्रिब्यूट बघता ते कुठून येतात? अनोळखी खेळाडूचे आकडे आधी '९ ते १५' असे धूसरच दिसतात. स्काउट पाठवल्यावरच ते स्पष्ट होतात. म्हणजे स्काउटवर विश्वास तुम्हीही ठेवताच, फक्त मान्य करत नाही. दिवसभर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये सडून आल्यावर रात्री तासभर मिळतो. त्यात तीनशे खेळाडूंचे छत्तीस रकाने वाचत बसू? मी १७-१८ जजिंगवाला चीफ स्काउट ठेवतो आणि तो म्हणेल त्यावर सही करतो. खरे मॅनेजर तरी वेगळं काय करतात?

बावधन बॉक्स टू बॉक्स
तारे ज्याच्यावरून निघतात ती 'करंट अ‍ॅबिलिटी', म्हणजे खेळाडूची आजची कुवत, २०० पैकी असते, आणि ती सगळ्या गुणांची, पोझिशननुसार वजन दिलेली गोळाबेरीज असते. दुसरा पाय चांगला असेल तर त्याचेही पॉइंट त्यातच खर्च होतात. म्हणून सारख्याच ताऱ्यांचे दोन स्ट्रायकर मैदानावर अगदी वेगळे निघतात. एकाचे पॉइंट वेगात असतात, दुसऱ्याचे हेडिंग आणि टीमवर्कमध्ये. मी काउंटर अटॅक खेळतो. मला अ‍ॅक्सिलरेशन (वेग पकडणं) १६ आणि ऑफ द बॉल (बॉल नसताना जागा शोधणं) १४ असलेला तीन ताऱ्यांचा पोरगा द्या, तुमचा साडेचारवाला तुम्हालाच लखलाभ.

दांडेकर पुलाचा अल्ट्रा
इतका अभ्यास बारावीला केला असता तर आज सीओईपीत असतो.

सहकारनगर ४-४-२
@बावधन, पटलं, पण अर्धंच. कन्सिस्टन्सी, मोठ्या सामन्यातला खेळ, दुखापतीची सवय हे आकडे तुम्हाला स्क्रीनवर कधीच दिसत नाहीत. ते हेरतो स्काउट. "मोठ्या सामन्यात ढेपाळतो" ही ओळ रिपोर्टमध्ये आली की मी खेळाडू सोडतो, मग फिनिशिंग १८ का असेना. नुसते अ‍ॅट्रिब्यूट बघणाऱ्याला हे कळणारच नाही.

कोथरूडचा गॅफर
अहो, मग तुम्ही रिपोर्ट वाचताय! माझं भांडण ताऱ्यांशी आहे, स्काउटशी नाही. स्काउटला जास्त दिवस पाठवा, पूर्ण रिपोर्ट मागवा, जमेच्या आणि तोट्याच्या ओळी वाचा, स्वभाव बघा. हे सगळं करणारा माणूस ताऱ्यांवर सही करत नाहीच. तुम्ही माझ्याच बाजूचे आहात, उगाच तिकडे बसलाय.

सहकारनगर ४-४-२
बाजूचा नाही. दोघांत एकोणीस-वीसचा फरक असेल तर मी अजूनही तारेच बघणार.

डेक्कनचा जुना खेळाडू
मी चॅम्पियनशिप मॅनेजर ०१/०२ या जुन्या गेमपासून खेळतोय. मिन्स्कचा मॅक्सिम त्सिगाल्को त्यात पोत्याने गोल करायचा. मिलवॉलचा चेर्नो सांबा म्हणजे तर भावी सुपरस्टार. प्रत्यक्षात त्सिगाल्कोची कारकीर्द दुखापतींनी ऐन विशीत संपली आणि सांबा मोठ्या क्लबांपर्यंत पोहोचलाच नाही. ताऱ्यांच्या मागचा तो २०० पैकीचा आकडासुद्धा शेवटी गेमसाठी खेळाडू जोखणाऱ्या एका रिसर्चरचं मत असतं. तरी त्या मतांना किंमत आहे. २००८ मध्ये इंग्लंडच्या एव्हर्टन क्लबने गेममधल्या खेळाडूंचा हाच डेटाबेस वापरायचा करार केला होता.

आता घरचं बघा. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगमधल्या तेव्हाच्या एफसी पुणे सिटीने फ्रान्सचा स्ट्रायकर त्रेझेगेला आणलं. वर्ल्डकप विजेता, बालेवाडीला काय उत्साह होता! पण वय ३७, आणि संघ सेमीफायनललाही गेला नाही. सेमीफायनल दिसली ती २०१७-१८ ला, मार्सेलिन्यो आणि अल्फारो असताना. दोघेही आधी याच लीगमध्ये दुसऱ्या संघांकडून खेळलेले, मार्सेलिन्यो तर आदल्या मोसमाचा टॉप स्कोअरर. गेमच्या भाषेत, नॉलेज १०० टक्के, म्हणजे खेळाडूची पूर्ण माहिती हाताशी. स्काउटला आधी आपल्याच लीगमध्ये फिरवा, ब्राझील नंतर.

वारजे विंगबॅक
काका, माझं बजेटच नाही. सहाव्या डिव्हिजनचा क्लब, स्काउट एकच, त्याचं जजिंग ७. आणि एका मित्राने स्वस्त वंडरकिडची, म्हणजे पुढे मोठे होतील अशा पोरांची, यादी दिलीये. घेऊ का त्यातला कोणी?

डेक्कनचा जुना खेळाडू
यादी जपून वापर. बऱ्याच कोवळ्या पोरांचं पोटेन्शियल डेटाबेसमध्ये पक्कं नसतं. त्याला 'इतके ते इतके' असा एक पट्टा दिलेला असतो आणि नवी सेव्ह सुरू करताना त्यातला आकडा पडतो. मित्राच्या सेव्हमधला हिरा तुझ्याकडे साधा निघू शकतो.

कोथरूडचा गॅफर
आणि ७ वाल्या स्काउटचे तारे तर बघूच नकोस. ट्रायलला बोलाव, तिथे अ‍ॅट्रिब्यूट बरेचसे उघडे पडतात आणि खर्चही नसतो. वरच्या क्लबांकडून लोनवर घे. पहिला मोसम निघाला की आधी स्काउट बदल, मग स्ट्रायकर.

सहकारनगर ४-४-२
हे मात्र बरोबर. पण १५ च्या वरचा आण, म्हणजे तारे बघायला मोकळा.

बावधन बॉक्स टू बॉक्स
झालं, परत सुरू.