टेम्पलेटला ‘साचा’ म्हणावे का?

प्रश्न (फोंडा): सहावीच्या मुलांसाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिते आहे. वाक्यात रिकाम्या जागा, प्रत्येक जागेसाठी शब्दांची यादी. प्रोग्रॅम यादीतून कुठलाही एक शब्द उचलतो. त्यातही रिकामी जागा असली तर तीही भरतो. पायथॉनमध्ये दहा-बारा ओळींत भागते. मुलांना टेम्पलेट आणि रँडम कोणत्या शब्दांत सांगू?

– ताई, साच्यातून दर वेळी तीच वस्तू निघते, इथे दर वेळी वेगळे वाक्य. ‘चौकट’ म्हणा. गणपतीच्या वर टांगतात त्या माटोळीसारखे: लाकडी चौकट तीच, वर बांधलेली फळे घरोघरी वेगळी.

– चौकट छान आहे, पण ‘साचा’ही रुळलेला आहे, मराठी विकिपीडियावर टेम्पलेटला साचाच म्हणतात. रँडमला संख्याशास्त्रात ‘यादृच्छिक’ म्हणतात. मुलांना ‘चिठ्ठी काढून’ सांगितले तरी पुरे.

याद्या मात्र जपून करा. १९५२ मध्ये ब्रिटिश संगणकतज्ज्ञ क्रिस्टोफर स्ट्रेची यांनी मँचेस्टरच्या संगणकाकडून अशीच प्रेमपत्रे लिहून घेतली. इंग्रजीत विशेषण नामाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे कुठलेही विशेषण कुठल्याही नामापुढे बसले. आपल्याकडे ‘ताजा ___ मिळाला’ अशी चौकट केली तर ‘बांगडा’ बसेल, पण ‘तारली’ ही मासळी आली की ‘ताजा तारली मिळाला’. गावांचेही तसेच. नुसता ‘त’ जोडून पणजीत, डिचोलीत जमते. फोंडा, म्हापसा आले की ‘फोंडात’, ‘म्हापसात’ असे कानाला टोचणारे काहीतरी येते. म्हणून यादीत सामान्यरूपच लिहा: फोंड्या, म्हापशा, काणकोणा. मग ‘त’ काय, ‘हून’ काय, सगळे नीट लागते. मराठी व्याकरण शिकवायची इतकी चांगली संधी सोडू नका. चुकीचे वाक्य आले की ते का चुकले हे मुलांनाच विचारा.

– (प्रश्न विचारणारी) सामान्यरूपाचे पटले, दादा. लिंगासाठी ‘ताजा बांगडा मिळाला’ असे अख्खे तुकडे यादीत टाकले तर?

– मग चौकटीत काय उरले? ‘ताजा ___ मिळाला’, ‘ताजी ___ मिळाली’, ‘ताजे ___ मिळाले’ अशा तीन चौकटी करा, प्रत्येकीची यादी वेगळी. आधी चौकटीची चिठ्ठी, मग शब्दाची. फक्त याद्या साधारण सारख्या लांबीच्या ठेवा, नाहीतर छोट्या यादीतले शब्द पुन्हापुन्हा येत राहतील.